चटणी डावीकडे

मी जर्मनीत फुटबॉल खेळतो हे कळल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, गोल किती केलेस. मी सांगितलं की हा तो फुटबॉल नाही, अमेरिकन आहे, यात चेंडू हातात धरून पळतात. मग तिने विचारलं, तुझ्या हातात येतो का. नाही येत. नियमानेच येत नाही. मागून बाबांचा आवाज आला, "अगं, त्याला विचार, मग तो तिथे करतो काय."

बाबांचा प्रश्न रास्त होता, पण तेव्हा मला तो अडाणीपणाचा वाटला. त्या दिवसांत मला बहुतेक सगळे लोक अडाणीच वाटत.

तर मी काय करायचो ते सांगतो. या खेळात पाच धिप्पाड माणसं एका रेषेत वाकून उभी राहतात. त्यांच्या मागे एक देखणा पोरगा उभा असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. मधला माणूस, म्हणजे सेंटर, चेंडू पायांमधून मागे त्याच्याकडे देतो आणि त्याच क्षणी समोरचे लोक त्या देखण्या पोराला आडवं करायला धावून येतात. आम्ही पाच जणांनी त्यांना अडवायचं. तीन-चार सेकंद अडवलं की तो चेंडू लांब फेकतो, लोक टाळ्या वाजवतात आणि आम्ही चिखलातून उठतो. आमचं काम नीट झालं तर कुणाला दिसत नाही. चुकलं तर शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही दिसतं. मी त्या रेषेत अगदी डावीकडे, म्हणजे लेफ्ट टॅकल. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ नेमकी त्या बाजूला असते, त्यामुळे तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. ते फक्त मला दिसायचं.

माझं वजन एकशे अठ्ठावीस किलो होतं. पुण्यात शाळेत मला ज्या नावांनी हाका मारत ती लिहून कागद खराब करत नाही. त्यातून मी एक गोष्ट शिकलो होतो. समोरचा आपल्याला हसायच्या आत आपण त्याला मनातल्या मनात मूर्ख ठरवून टाकायचं. एकदा ठरवलं की त्याचं हसू बोचत नाही. ही सवय मला इतकी जडली की पुढे कुणी हसत नसलं तरी मी ठरवून मोकळा व्हायचो.

मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं मास्टर्स करायला एर्लांगेनला आलो तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, एका माणसाने मला जेवताना गाठलं. दारातून कपाट आत जाईल का हे पाहावं तसं त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विद्यापीठाच्या संघात यायचं का म्हणून विचारलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं वजन पाहून खूष झालं होतं. मी लगेच हो म्हटलं, पण चेहरा असा ठेवला की उपकार करतोय.

सरावाला गेलो तर रेषेच्या मधोमध एक मराठी माणूस. सांगलीकडचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, हृदयाच्या स्कॅनिंगवर पीएचडी करणारा, बुटका आणि दारासारखा रुंद. मी त्याला दादा म्हणायला लागलो. भला माणूस होता, आणि भला माणूस हे माझ्या तोंडी तेव्हा कौतुक नव्हतं. दादा सगळ्यांच्या सायकली दुरुस्त करून द्यायचा. सराव संपला की पडलेले कोन गोळा करायचा. नवीन मुलगा पडला की आधी दादा धावायचा. मला वाटायचं, या माणसाला नाही म्हणताच येत नाही, म्हणून बिचारा चांगला आहे.

आणि शब्दांची कल्पना दादाचीच.

चेंडू सुटायच्या आधी सेंटर ओरडून सांगतो की पाचही जणांनी कुठल्या बाजूला सरकायचं. आमचे जुने शब्द असे होते की ते सगळ्या संघांना पाठ होते. डाव्यासाठी एल अक्षराने सुरू होणारं पोरीचं नाव, उजव्यासाठी आर अक्षराने. कुठल्याही गल्लीतल्या संघाने ओळखावं. दादा म्हणाला, आपण ताट घेऊ. ताटात डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, खाली मधोमध भात, वर मीठ. चटणी म्हटलं की सगळे डावीकडे सरकतील. भाजी म्हटलं की उजवीकडे. भात म्हणजे ज्याने त्याने समोरचा धरायचा. मीठ म्हणजे मधून घुसणारा सेंटरचा. जर्मनीतला एकही संघ हे ओळखणार नाही.

पहिल्याच दिवशी दादा "चटणी" म्हणून ओरडला. मी डावीकडे सरकलो, दादा उजवीकडे सरकला, आणि मध्ये जो दरवाजा उघडला त्यातून दोघे जण आत जाऊन क्वार्टरबॅकवर पडले. भांडण झालं. मी म्हणालो, चटणी डावीकडे असते हे शेंबड्या पोरालाही कळतं. दादा शांतपणे म्हणाला की माझ्या उजवीकडे असते. मग उलगडा झाला. त्याच्या घरी चार भावंडांत तो थोरला, लहानपणापासून समोर उभा राहून पंगतीला वाढणारा. वाढणाऱ्याला ताट उलटं दिसतं. मी एकुलता एक, मला आयतं बसायची सवय. शेवटी जेवणाऱ्याची बाजू धरायची असं ठरलं, कारण मी हट्ट सोडला नाही.

उरलेले तिघे जर्मन. त्यांना हे शिकवायला दादाने एका रविवारी आपल्या वेगेच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या घराच्या, स्वयंपाकघरात खरोखरची ताटं वाढली. शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची भाजी, आमटी, भात. राइट गार्ड, म्हणजे दादाच्या लगेच उजवीकडे उभा राहणारा, जवळच्याच खेड्यातला होता, लाल गालांचा, हळू बोलणारा. मी मनात त्याला म्हैस म्हणायचो. त्याने तीनदा भात घेतला आणि प्रत्येक वेळी बोट ठेवून म्हणाला, "राइस." दादा म्हणे, "भात." तो म्हणे, "बाट. गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. त्यानंतर तो मेन्झातसुद्धा ट्रेवर केचप डावीकडे ठेवायचा आणि माझ्याकडे पाहून मान हलवायचा. मला त्याची लाज वाटायची. आमच्या घरचे शब्द त्या जाड जिभेवर ऐकले की अंगावर काटा यायचा.

क्वार्टरबॅकबद्दल तर काय सांगू. कायदा शिकत होता. हेल्मेट काढलं की पहिला हात केसांना. जिंकल्यावर विद्यार्थ्यांच्या रेडिओवर मुलाखत द्यायचा आणि न चुकता म्हणायचा, आजचं श्रेय लाइनला, म्हणजे आम्हा पाच जणांना. हॉटेलात वेटरला टीप ठेवावी तसं. सीझन संपला की आम्हा पाच जणांना तो जेवायला न्यायचा, तसा रिवाजच असतो या खेळात. मी त्याच्या पैशाने दोन बर्गर खाऊन मनात म्हणायचो, चला, माझ्या गुडघ्यांचा भाव कळला. तो मला मधून मधून भारतातलं काही विचारायचा, आजीआजोबा आहेत का, घरी कोण कोण असतं. मी एका शब्दात उत्तर द्यायचो. असल्या गुळगुळीत लोकांच्या कुठे तोंडी लागायचं.

दोन सीझन असे गेले. त्याच्या पाठीवर डावीकडून कुणी आलं नाही, हे मी छाती ठोकून सांगू शकतो. बाकी आयुष्यात अशा फार गोष्टी नाहीत.

मग कोलोनच्या एका कॉलेजच्या संघाविरुद्ध आम्ही सपाटून हरलो. ते आमच्याहून दोन पायऱ्या वरचे. त्यांचं मैदान चांगलं, जर्सी चांगली, प्रेक्षक पाचशे तरी. सामना संपल्यावर त्यांचा कोच माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की तुझ्यासारखा डावीकडे आमच्याकडे नाही. एवढंच. त्याने बोलावलंही नव्हतं. पण एर्लांगेनला परतताना रीजनल ट्रेनमध्ये समोर म्हैस झोपलेली, बाजूला दादा सगळ्यांची तिकिटं सांभाळून बसलेला, आणि मी ठरवून टाकलं की ही माणसं माझ्या लायकीची नाहीत.

कॉलेज बदलायला कारण लागतं. मी दादाला सांगितलं की कोलोनला माझ्या विषयाचा प्रोफेसर चांगला आहे. घरीही तेच सांगितलं. आईने सोसायटीभर केलं की पोराला मोठ्या शहराने बोलावलंय. एक्समाट्रिकुलात्सिओनचा, म्हणजे नाव काढून घेण्याचा फॉर्म भरला, नवीन प्रवेश घेतला, आणि मग कळलं की माझे दोन विषय तिथे धरले जाणार नाहीत, परत द्यावे लागतील. सहा महिने पाण्यात. प्रोफेसर खरंच चांगला असता तर निदान बोलायला तोंड राहिलं असतं. मी त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

खोली सोडायच्या आदल्या रविवारी दादा आला. जर्मनीत घर परत देताना घरमालक बोट फिरवून बघतो. न्हाणीघराच्या काचेवर पाण्याचे पांढरे डाग होते, ते दादा दोन तास व्हिनेगरने घासत बसला. मी खोक्यांवर पत्ता लिहीत होतो. त्याने मला एकदाच विचारलं, "प्रोफेसरसाठीच चाललायस ना?" मी म्हणालो, हो, मग कशासाठी. दादा म्हणाला, "आल्झो, मग ठीक आहे," आणि परत घासायला लागला. त्याला कळलं होतं. मला राग आला तो याचा, की कळूनही हा माणूस काच घासतोय. त्याच्या जागी मी असतो तर बोळा फेकून निघून गेलो असतो.

कोलोनला गेलो आणि बाकावर बसलो.

त्यांच्याकडे डावीकडे एक होता. माझ्याहून उंच, माझ्याहून चपळ, शिवाय तिथलाच. कोचने हस्तांदोलन केलं, स्वागत केलं, आणि मला तिसऱ्या नंबरवर टाकलं. पहिल्या सामन्यात मी बूट न मळता घरी आलो. दुसऱ्याही. तिसऱ्यात शेवटची दोन मिनिटं उतरवलं, तेव्हा आम्ही इतके पुढे होतो की प्रेक्षक सायकलींची कुलपं काढत होते. आई फोनवर विचारायची, मोठ्या संघात कसं वाटतंय. मी म्हणायचो, छान. अभ्यासाबद्दल विचारलं की म्हणायचो, चालू आहे. ज्या जागेसाठी मी सहा महिने, एक शहर आणि एक धडधडीत खोटं खर्च केलं होतं ती जागा दुसरा खात होता. मला ती हवी होती. इतकी हवी होती की सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच यायचा.

कोलोनवाल्यांचाही मी यथास्थित तिरस्कार करत होतो. पण बाकावर बसून तिरस्कार करण्यात मजा नसते. तो फुकट जातो.

चौथा सामना एर्लांगेनशी होता, आमच्या मैदानावर. चार दिवस आधी डाव्या टॅकलच्या पोटरीत लचक भरली. आता दुसऱ्या नंबरवरचा खेळणार की मी, एवढाच प्रश्न होता, आणि मंगळवारच्या सरावात कोच दुसऱ्यालाच उभं करत होता. सराव संपल्यावर मी त्याच्या खोलीत गेलो.

इथे मला खोटं सांगता आलं असतं. पुढे कित्येक वर्षं मी सांगतही आलो की कोचने मला पेचात धरलं, शब्द सांग नाहीतर बाकावर बस म्हणाला. तसं काही झालं नाही. त्या बिचाऱ्याला शब्दांचं माहीतही नव्हतं. तो बुटांची नाडी सोडत होता. मीच दार लावलं आणि म्हणालो, एर्लांगेनचा सेंटर काय ओरडतो ते मला सगळं कळतं. कोचने मान वर केली. हातातली नाडी सोडून तो म्हणाला, "तुझी नक्की खात्री आहे का? ते तुझे मित्र आहेत."

मी म्हणालो, होते.

गुरुवारी फळ्यावर मी एक मोठा गोल काढला. वरती मिठाचा ठिपका. डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, खाली भाताची मूद. बचावाचे अकरा जण समोर खुर्च्यांवर बसलेले. चटणी ऐकलं की ते पाचही जण डावीकडे सरकणार, म्हणून तुम्ही त्यांच्या उजवीकडून एक जास्तीचा माणूस पाठवा. भाजी ऐकलं की त्यांच्या डावीकडून पाठवा. मी त्यांच्याकडून म्हणून घेतलं. चट्नी. बाजी. अकरा जण एका सुरात. एकाने विचारलं की भात मुद्दाम मध्येच का ठेवतात, आणि मी, ज्याने कधी घरी साधी कोशिंबीर वाढली नव्हती, त्याने त्यांना ताटाचं शास्त्र समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मला फार बरं वाटत होतं. सराव संपताना कोचने कागद लावला, त्यात डाव्या टॅकलपुढे माझा नंबर होता.

शनिवारी दुपारी एर्लांगेनवाले भाड्याच्या दोन व्हॅन घेऊन आले. मी मैदानाच्या कडेला पट्ट्या बांधत होतो. म्हैस लांबूनच "बाट!" म्हणून ओरडली आणि येऊन तिने मला, एकशे अठ्ठावीस किलोंना, जमिनीवरून उचललं. क्वार्टरबॅकने खांद्यावर हात ठेवून विचारलं की नवीन लोक नीट जेवायला घालतात का. मी हसलो. दादाने फक्त मान हलवली आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी पट्टीत डोकं घातलं. खरं तर मी मनात प्रार्थना करत होतो की दादाने शब्द बदललेले असोत. मला दोन्ही हवं होतं. जागाही हवी होती आणि पापही नको होतं. शब्द बदललेले असते तर मी तोंडघशी पडलो असतो, पण रात्री झोप लागली असती.

त्यांच्याकडे चेंडू आला. ते खेळत असताना माझं काम नव्हतं, मी बाजूच्या रेषेवर उभा होतो. दादा वाकला, डावी-उजवी पाहिली आणि ओरडला, "चटणी!"

बदललेले नव्हते.

पाचही जण डावीकडे सरकले. उजवीकडून आमचा एक जण मोकळ्या रस्त्यावरून जावा तसा आत गेला आणि क्वार्टरबॅक पाठीवर पडला. आमच्या बाकावर कुणीतरी माझी पाठ थोपटली. पुढच्या वेळी भाजी. माझ्या जागी आता एक किरकोळ पोरगा उभा होता, त्याने उजवीकडे पाऊल टाकलं आणि त्याच्या मागून आमचे दोघे गेले. परत चटणी. परत तेच. तिसऱ्या खेपेनंतर दादा उठला आणि सरळ उभा राहिला. त्याने आपल्या माणसांकडे पाहिलं नाही, कोचकडे पाहिलं नाही. त्याने बाजूच्या रेषेवर मला शोधलं. मी हेल्मेटचा पट्टा सोडून परत लावला.

आमच्याकडे चेंडू आल्यावर मी उतरलो आणि चांगला खेळलो. फारच चांगला खेळलो. माझ्या बाजूने कुणाला येऊ दिलं नाही.

मध्यंतरानंतर दादाने ओरडणं बंद केलं. तो खांद्याला स्पर्श करून, बोटांनी खुणा करून सांगायचा प्रयत्न करत होता, पण सामन्याच्या धुमाळीत तेवढ्यात नवीन काय शिकवणार. किरकोळ पोराला खूण दिसली नाही. चेंडू सुटला, तो जागच्या जागी उभा राहिला, आणि त्याच्या डाव्या अंगाने आमचा सगळ्यात वेगवान गडी गेला. क्वार्टरबॅकची पाठ त्याच्याकडे होती. तो उजवीकडे लांब पाहत हात मागे नेत होता. मी बाजूच्या रेषेवरून ते सगळं आधी पाहिलं, नेहमीसारखं, त्याच्या दोन सेकंद आधी. तो खांद्यावर पडला आणि उठला नाही. गळ्याखालचं हाड मोडलं होतं. रुग्णवाहिका मैदानात आली तेव्हा म्हैस त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसून त्याचे केस कपाळावरून मागे करत होती.

आम्ही जिंकलो. किती फरकाने ते सांगण्यात अर्थ नाही.

मी अंघोळ न करताच व्हॅनपाशी गेलो. का गेलो ते मलाही सांगता येत नाही, बहुधा दादाने मला चार शिव्या द्याव्यात आणि विषय संपावा असं वाटत असेल. तो एकटाच मागच्या दारातून बॅगा आत लावत होता. बाकीचे कपडे बदलत होते. मी म्हणालो, दादा, तू शब्द बदलायला हवे होतेस. मी हे बोललो. दोष त्याचा असल्यासारखं बोललो.

दादाने हातातली बॅग खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"बदलणार होतो. तू गेलास त्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, आता चटणी उजवीकडे आणि भाजी डावीकडे करू या. तो तिकडे सांगेल, म्हटलं. मला तू ठाऊक आहेस."

मी मातीत बुटाचं टोक रोवत होतो.

"ते तयारच होईनात. मतदान घ्या म्हणाले. इथे प्रत्येक गोष्टीचं मतदान. त्या तिघांनी नको म्हणून हात वर केले. राइट गार्ड तर माझ्यावर चिडला. म्हणाला, आपल्याच माणसाबद्दल असं बोलतोस, तुला लाज वाटत नाही का."

तो पुन्हा बॅगा उचलायला लागला. मग थांबला.

"क्वार्टरबॅकला मत नव्हतं. लाइनचा विषय आहे म्हणून आम्ही त्याला विचारलंच नव्हतं. तोच मागून म्हणाला, दोन वर्षं त्याने माझ्या पाठीवर कुणाला येऊ दिलं नाही, तो आता कशाला कुणाला पाठवेल."

मी विचारलं, त्याला कुठल्या हॉस्पिटलमध्ये नेलंय.

"तुला काय करायचंय," दादा म्हणाला, आणि त्याने व्हॅनचं दार ओढून घेतलं.

मी दोन वर्षं ज्यांना म्हैस, गुळगुळीत, मठ्ठ अशी नावं ठेवत होतो त्या सगळ्यांनी मला आपला मानलं होतं. ज्याने मला बरोबर ओळखलं तो एकटा माझ्या भाषेचा होता, आणि त्याने ओळखूनही माझी काच घासून दिली होती. मला स्वतःची किळस आली. मी कुंपणाला धरून उभा राहिलो. व्हॅन फाटकातून बाहेर गेल्या. म्हैस पुढच्या खिडकीत होती. तिने मला पाहिलं, आणि हात हलवला. तिला अजूनही खरं वाटत नव्हतं.

मी आत गेलो. कपडे बदलायच्या खोलीत बिअर उघडली होती. कोच बाकावर चढून उभा राहिला, सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाला की उरलेला सीझन डावीकडे हाच खेळेल. सगळ्यांनी कपाटांची दारं बडवली. मी डांके म्हणालो. कुणीतरी बाटली हातात दिली, ती मी घेतली. आणि खरं सांगतो, एवढं सगळं कळल्यानंतर, दहा मिनिटंही झाली नव्हती, मला आनंद झाला.